जुन्या वायरिंगवर एचआयडी किट: एका मोटरसायकलच्या हेडलाइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी एक सिलिंडरची, आठ वर्षं वापरातली, रोजच्या ये-जा करण्याची. हेडलाइट गोल, साध्या रिफ्लेक्टरचा, आत एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब. या गाडीत हेडलाइटला वीज बॅटरीवरून मिळते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या कॉइलवरून, म्हणजे एसीवर चालतो. एचआयडीच्या बॅलास्टला, म्हणजे त्या बल्बला वीज पुरवणाऱ्या डब्याला, डीसी लागतो. तशी गाडी असती तर हे काम कॉइलची अर्थिंग सोडवण्यापासून आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर बदलण्यापासून सुरू झालं असतं.

गाडीमालक पाळीत काम करणारे. आठवड्यातल्या चार रात्री दोनच्या सुमारास घरी परतायचे. रस्ता बहुतांश सरळ, मध्ये तीन वळणं, आणि बऱ्याच अंतरात खांबावर दिवा नाही. त्यांची तक्रार दोन वर्षांची जुनी होती: डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, पंचवीसेक मीटरच्या पुढे काही दिसत नाही, आणि अप्पर, म्हणजे लांबचा झोत, टाकला तर उजेड पिवळट, मरगळलेला. दोनदा बल्ब बदलून झाला होता. एकदा काचही आतून पुसून घेतली होती. नव्या बल्बने चार दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच.

शेवटी त्यांच्या धाकट्या भावाने एचआयडीचं, म्हणजे हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज दिव्याचं, किट आणलं. ५५ वॅटचं, ६००० केल्विनचं, एकाच बल्बात अप्पर आणि डिपर असलेलं. अशा बल्बात दोन फिलामेंट नसतात. काचेच्या छोट्या कुपीत वायूमधून विजेची ठिणगी सतत जळत राहते आणि अप्पर-डिपर करताना एक छोटा विद्युतचुंबक तो अख्खा बल्ब काही मिलिमीटर पुढे-मागे सरकवतो. खोक्यात बॅलास्ट होता, बल्ब होता, आणि जाड वायरींचा एक वेगळा हार्नेससुद्धा होता, रिले (छोट्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजसकट, थेट बॅटरीला जोडायचा. भावाने पाहिलं की बॅलास्टची पिन गाडीच्या मूळ कपलरमध्ये, म्हणजे बल्बच्या वायरींच्या प्लास्टिक सॉकेटमध्ये, बसते. लावली, बटण दाबलं, लाइट लागला. टाकी उचलायची, सीट काढायची, बॅटरीपर्यंत वायर न्यायची, हा सगळा व्याप वाचला म्हणून हार्नेस खोक्यातच राहिला.

पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या एका निर्णयातून आलं. तो भावाने अज्ञानातून घेतला असं मी म्हणणार नाही. पिन बसली आणि लाइट लागला, तर जोडणी बरोबर आहे असंच कुणालाही वाटेल. पहिल्या रात्री भाऊ म्हणाला, “दादा, दिवस उजाडलाय बघ.” गाडीमालकांनाही तसंच वाटलं होतं.

अडचण

तिसऱ्या आठवड्यापासून कुरबुर सुरू झाली. गाडी थंड असताना बटण दाबलं की लाइट दोन-तीनदा फडफडायचा आणि मग धरायचा. सिग्नलला गाडी मंद चालू असताना इंडिकेटर आणि हॉर्न एकदम आले की लाइट जायचा. गाडीमालकांनी त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. आधी इंजिन चालू करायचं, जरा रेस करायचं, मग लाइट लावायचा, आणि एकदा लागला की घर येईपर्यंत बंद करायचा नाही. दोष अशा सवयीत मुरतो आणि मग तो दोष वाटेनासा होतो. इतक्या वर्षांत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाटतं की हा माणूस त्याच दिवशी आला असता तर बरं झालं असतं.

मग एका रात्री डाव्या हँडलजवळ प्लास्टिक जळल्याचा वास आला. डिपरचं बटण बोटाला मऊ लागलं. पुढच्याच आठवड्यात, दुसऱ्या वळणावर, पन्नासच्या वेगात हेडलाइट गेला. “डोळ्यांवर काळं कापड टाकल्यासारखं झालं,” असं ते सांगत होते. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ शेवटची जिथे दिसली होती तिच्या अंदाजाने त्यांनी गाडी उभी केली. दहा मिनिटांनी लाइट पुन्हा लागला, पण त्यांनी त्यावर भरवसा ठेवला नाही. पार्किंग लाइटवर, वीसच्या वेगाने घरी आले.

आणखी एक गोष्ट त्यांनी निघता निघता, सहज म्हणून सांगितली. समोरून येणारे ट्रकवाले सारखे अप्पर मारतात. त्यांचा एक सहकारी समोरून येताना म्हणाला होता की तुमची गाडी दिसते, पण तुमच्या बाजूचा रस्ताच नाहीसा होतो. मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटली. स्विच जळला तर धोका एकाला असतो. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड घुसला तर त्या वळणावर जितके लोक असतील तितक्यांना असतो, आणि त्यांनी तर काहीच ठरवलेलं नसतं.

त्या दिवशीचा निर्णय

गाडी माझ्याकडे दुरुस्तीला आणली तेव्हा त्यांची मागणी सरळ होती: स्विच नवा टाकून द्या. वीस मिनिटांचं काम, आणि बहुतेक ठिकाणी तेच झालं असतं. पण जळलेला स्विच हे लक्षण होतं. नवा टाकला असता तर तोही महिनाभरात मऊ पडला असता, आणि पुढच्या वेळी लाइट कुठे गेला असता कोण जाणे. मी म्हटलं, गाडी दोन दिवस ठेवून जा आणि तोवर रात्री चालवू नका. ते नाराज झाले. “म्हणजे पुन्हा तोच कंदील लावणार?” मी म्हटलं, कंदील का झाला ते आधी मोजू, मग ठरवू.

तपासणी

हेडलाइटचा डबा उघडला तेव्हा अर्धं उत्तर डोळ्यांनीच मिळालं. मूळ कपलर पांढऱ्या प्लास्टिकचा. डिपरच्या पिनेभोवती तो चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता आणि पिन आत सैल हलत होती. वायरीचं आवरण बोटभर मागे सोललं तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, चुरचुरणारी. अर्थची काळी वायर इंडिकेटर, मीटर आणि हेडलाइट यांची मिळून एकच. ती फ्रेमच्या ज्या बोल्टला आवळली होती त्याच्यावर रंगाचा थर होता. स्विच उघडला तर डिपरचा पॉइंट काळा ठिक्कर, आणि त्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा कोपरा वितळून खाली बसलेला.

मग मीटर लावला. यासाठी जुना हॅलोजन परत बसवला, कारण हॅलोजनचा प्रवाह स्थिर असतो आणि मोजमाप विश्वासाचं होतं. इंजिन ३००० फेऱ्यांवर, डिपर चालू. बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या पिनांवर ११.६. मधल्या वाटेत २.५ व्होल्ट गायब. त्यातले १.९ बॅटरीकडून येणाऱ्या बाजूला आणि ०.६ अर्थच्या बाजूला जात होते. एकट्या स्विचच्या पॉइंटवर ०.८ व्होल्ट.

हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. एच-४ च्या डिपर फिलामेंटचा अधिकृत उजेड १००० ल्युमेन, अप्परचा १६५०, आणि हे आकडे १३.२ व्होल्टवरचे आहेत. ११.६ व्होल्टवर हिशेब केला तर त्याच बल्बातून जेमतेम ६४ टक्के उजेड येतो. म्हणजे दोन वर्षं हा माणूस एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरीत घालवत होता, आणि दोन वेळा बदललेले बल्ब निर्दोष होते.

आता एचआयडी का फडफडत होता ते बघा. हॅलोजनला व्होल्टेज कमी मिळालं तर तो कमी प्रवाह घेतो आणि मंद जळतो. बॅलास्टचं उलट असतं. त्याला ठरलेली शक्ती हवीच असते, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो जास्त प्रवाह ओढतो, आणि जास्त प्रवाहामुळे वायरीत आणखी व्होल्टेज पडतं. हॅलोजनवर डिपरचा प्रवाह ४.८ अँपिअर होता, म्हणजे वाटेतला रोध साधारण ०.५२ ओहम. किट थेट बॅटरीला लावून क्लॅम्प मीटरने पाहिलं तर सुरुवातीच्या काही सेकंदांत ते ११ अँपिअर खात होतं, म्हणजे १३० वॅटच्या आसपास. आणि ०.५२ ओहमची वाट १४.१ व्होल्टवरून काहीही केलं तरी ९५ वॅटच्या वर पोचवू शकत नाही. मंद चालीत बॅटरीवर १२.८ व्होल्ट असताना तर ७९ सुद्धा नाही. बॅलास्ट मागतो, वाट देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं, बॅलास्ट बंद होतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा मागतो. बाहेरून आपल्याला फडफड दिसते.

एकदा तापला की तो ६ अँपिअरवर स्थिरावायचा. स्विचच्या त्या काळ्या पॉइंटचा रोध ०.१७ ओहम धरला तर तिथे सतत ६ वॅट उष्णता, आणि सुरुवातीच्या धक्क्यात आणखी कितीतरी जास्त. वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या मिठीत, रोज तास-दीड तास. बटण मऊ पडलं त्यात नवल नव्हतं.

राहिला प्रश्न ट्रकवाल्यांचा. रात्री गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ९२ सेंटिमीटरवर होता. तेवढ्याच उंचीवर भिंतीला टेपची आडवी पट्टी मारली. हॅलोजनवर डिपरची वरची रेघ, म्हणजे उजेड जिथे संपतो ती कड, स्पष्ट दिसली, पण पट्टीच्या ३५ सेंटिमीटर खाली. १० मीटरला ३५ सेंटिमीटर उतरणारा झोत ९२ सेंटिमीटर उतरेपर्यंत २६ मीटर जातो आणि तिथे जमिनीला टेकतो. गाडीमालकांचं “पंचवीसेक मीटर” शब्दशः खरं होतं. दोनेक वर्षांपूर्वी गाडी एकदा पडली होती, तेव्हापासून डब्याचा बोल्ट घसरलेला होता आणि कुणी पाहिलंच नव्हतं.

मग एचआयडी लावला. रेघ नाहीशी झाली. खाली पांढराशुभ्र डबका आणि वर भिंत संपेपर्यंत पसरलेला धुरकट उजेड. कारण बल्बाच्या रचनेत आहे. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक बारीक धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरूनच उजेड परततो आणि तो खाली रस्त्यावर जातो. सगळा रिफ्लेक्टर त्या लहानशा सरळ वेटोळ्याच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एचआयडीची ठिणगी सरळ नसते, वर किंचित कमान घेते, आणि तिची दोन टोकं मधल्या भागापेक्षा जास्त तेजस्वी असतात. त्यातून ती चुंबकाच्या जोरावर पुढे-मागे सरकणारी. एक मिलिमीटरचा फरकसुद्धा रिफ्लेक्टर भिंतीवर हातभर करून दाखवतो. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात डिस्चार्ज बल्ब घालणं बऱ्याच देशांत नियमबाह्य आहे, ते याच कारणाने.

दुसऱ्या रात्री गाडीमालकांना बोलावून एक साधी चाचणी केली. रिकाम्या सरळ रस्त्यावर काठीला काळी गोणी टांगली आणि गाडी लांबून हळूहळू जवळ आणत, गोणी पहिल्यांदा कुठे दिसते ते टेपने मोजलं. जुन्या अवस्थेतल्या हॅलोजनच्या डिपरवर २४ मीटर. ‘दिवस उजाडवणाऱ्या’ एचआयडीवर ३० मीटर. सहा मीटरच जास्त. त्यांना ते खरं वाटेना, म्हणून पुन्हा मोजलं. चाकासमोरचा रस्ता फार लखलखीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. समोर उजेड भरपूर, म्हणून आपल्याला जास्त दिसतंय असं मन सांगतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी पुढे आणखी २३ मीटर. ३० मीटरवर दिसलेल्या गोणीला ते धडकलेच असते.

पर्याय

पहिला पर्याय भावाचा: हेच किट ठेवायचं, फक्त खोक्यातला हार्नेस जोडायचा. फडफड थांबली असती, स्विच वाचला असता. पण भिंतीवरचा धुरकट उजेड तसाच राहिला असता, उलट पूर्ण शक्ती मिळून वाढला असता. हा पर्याय मी साफ नाकारला. इथे माझी भूमिका ताठर आहे हे मला ठाऊक आहे. विजेचं काम उत्तम करून समोरच्याला आंधळं करणारा दिवा बसवून द्यायला माझा हात धजत नाही.

दुसरा, योग्य प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) बसवून त्यात ३५ वॅटचा एचआयडी. हा खरा तोडीचा पर्याय होता आणि त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. प्रोजेक्टरच्या आत पडदा असतो, त्यामुळे वरची रेघ धारदार मिळते. मूळ गाड्यांत येणारा ३५ वॅटचा डी२एस बल्ब ३२०० ल्युमेन देतो, हॅलोजनच्या डिपरच्या तिपटीहून जास्त. पण डबा फोडून प्रोजेक्टर बसवणं, तो नेमका सरळ करणं, पुन्हा पाणी शिरणार नाही असा बंद करणं, हे निगुतीचं काम आहे. शिवाय पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात, तेव्हा बंद असलेला लाइट क्षणभर चमकवून इशारा देणं त्याला जमत नाही. बॅलास्ट चालू होताना २० हजार व्होल्टच्या वर धक्का देतो. पावसात रोज भिजणाऱ्या गाडीत त्या वायरीचं आवरण शाबूत ठेवणं ही कायमची जबाबदारी होऊन बसते.

तिसरा, मूळ होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब. वीज कमी खातो, चटकन लागतो. पण रिफ्लेक्टरचा प्रश्न तिथेही उरतो. काही देशांत ठरावीक दिव्यासाठी ठरावीक एलईडी बल्बला मंजुरी आहे. या गाडीसाठी तसा बल्ब नव्हता.

१००/९० वॅटच्या हॅलोजनचाही विषय निघाला, पण तो लगेच सोडला. रिफ्लेक्टरचा मुलामा आणि होल्डर ती उष्णता फार दिवस सोसत नाहीत, आणि या गाडीच्या १९० वॅटच्या चार्जिंगवर तो भार मंद चालीत बॅटरी खातो.

उरला तो सर्वांत कमी दिमाखाचा: तोच ६०/५५ चा हॅलोजन, पण त्याला स्वतंत्र रिले हार्नेस, स्वच्छ अर्थ आणि नीट केलेला झोत. गाडीमालक म्हणाले, “एवढं सगळं करून पुन्हा हॅलोजनच?” मी त्यांना जबरदस्ती केली नाही. म्हटलं, आधी तात्पुरत्या वायरी टाकून दाखवतो, गोणी तीच, रस्ता तोच. दिसलं नाही तर प्रोजेक्टरचं काम घेऊ.

काय केलं

बॅटरीच्या धन टोकापासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज. फ्यूज जवळ का, तर त्याच्या अलीकडची वायर कुठे घासून फ्रेमला टेकली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. पुढे दोन रिले, एक अप्परचा, एक डिपरचा. ३० नंबरला बॅटरीची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला गाडीच्या मूळ कपलरमधून येणारा इशारा, ८५ अर्थ. म्हणजे जुनी वायरिंग आणि हँडलचा स्विच आता फक्त रिलेचं कॉइल चालवतात. ०.१५ अँपिअरच्या आसपास. जिथून पाच-सहा अँपिअर जात होते तिथून आता त्याचा तिसावा-चाळिसावा भाग. चावी बंद केली की हेडलाइट बंद, कारण इशारा मूळ वाटेनेच येतो.

बल्बाला सिरॅमिकचा नवा होल्डर. अर्थची वायर तेवढीच जाड, थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. फ्रेमवर विसंबलो नाही. इंडिकेटर आणि मीटरची जुनी अर्थही रंग खरवडून नव्याने आवळली. लग, म्हणजे वायरींच्या टोकांचे धातूचे जोड, सगळे दाबून बसवले, डाग दिला नाही. डाग दिलेल्या जागेच्या कडेला वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथराटाने नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक लगवर गरम करून आवळणारी स्लीव्ह. स्विचचा जळका भाग बदलला.

झोत नीट केला: १० मीटरवर रेघ पट्टीच्या १० सेंटिमीटर खाली.

हे सगळं पक्कं करण्याआधी, तात्पुरत्या वायरींवरच, त्याच गोणीची चाचणी पुन्हा घेतली. डिपरवर ५२ मीटर, अप्परवर ९० च्या पुढे. गाडीमालक गाडीवरून उतरले, गोणीपर्यंत चालत गेले आणि मागे वळून गाडीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, तात्पुरत्या वायरी काढा, पक्कं करा.

परिणाम

पक्कं काम झाल्यावर इंजिन ३००० फेऱ्यांवर बॅटरीवर १४.० व्होल्ट, बल्बच्या पिनांवर १३.५. आधीच्या ११.६ च्या तुलनेत त्याच जातीच्या बल्बातून दीडपटीहून जास्त उजेड. याची एक किंमत असते आणि ती मी त्यांना आधीच सांगितली होती: १३.२ च्या वर चालणाऱ्या हॅलोजनचं आयुष्य झपाट्याने घटतं, १३.५ वर साधारण पाव भागाने. सातव्या महिन्यात डिपरचं फिलामेंट गेलं. तेव्हा त्यांच्या डिकीत जादा बल्ब होता आणि अप्परवर घरी येता आलं.

पण सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला की समोरचे अजूनही अप्पर मारतात. मला धक्काच बसला. भिंतीवर रेघ चोख होती. मग लक्षात आलं की झोत नीट करताना गाडीवर कुणी बसलेलंच नव्हतं. माणूस बसला की मागचा सस्पेन्शन दबतो, पुढचं तोंड वर होतं आणि झोत उचलला जातो. त्यांना गाडीवर बसवून, टायरची हवा तपासून, पुन्हा भिंतीसमोर केलं. रेघ पट्टीच्या चार सेंटिमीटर वर निघाली. ती खाली आणली आणि तक्रार थांबली.

बाराव्या दिवशी अप्पर गेला. रिले मी हँडलच्या दांड्याखाली, फ्रेमला बांधले होते. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की अप्परची वायर ताणली जात होती आणि लग निसटला होता. दोष माझा. वायर लांब केली, दोन्ही टोकांना हँडल वळवून ढिलाई तपासली, आणि त्याच बैठकीत एका फ्यूजऐवजी दोन केले, अप्परला वेगळा, डिपरला वेगळा. एका बाजूला शॉर्ट झालं तरी दुसरी बाजू जिवंत राहावी म्हणून. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ज्या माणसाचा लाइट एकदा वळणावर गेला आहे, त्याच्या गाडीत अप्पर-डिपरला मिळून एकच फ्यूज ठेवणं ही माझी खरी चूक होती.

नंतर वर्षभर वायरिंगची तक्रार आली नाही. स्विच उघडून पाहिला, पॉइंट लख्ख होते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधीची संधी दोन वर्षांपूर्वीची होती, पहिला बल्ब बदलला तेव्हा. बल्ब काढलेलाच होता, डबा उघडाच होता. बल्ब चालू ठेवून दोन ठिकाणी मीटर टेकवला असता तर पाच मिनिटांत २.५ व्होल्टचा घोळ सापडला असता. नुसत्या रिकाम्या कपलरवर मीटर लावून भागत नाही. प्रवाह वाहत नसेल तर सडक्या वायरीवरही पूर्ण व्होल्टेज दिसतं, आणि “करंट तर येतोय” म्हणून माणूस पुढे सरकतो.

झोताची तपासणी तर मीटरशिवायही होते. भिंत, टेप आणि गाडीवर बसलेला माणूस एवढंच लागतं. गाडी पडल्यावर हँडल आणि लिव्हर सगळेच बघतात. हेडलाइटचं तोंड कुणी बघत नाही.

भावाने हार्नेस खोक्यात ठेवला नसता तर काय झालं असतं, याचा मी बराच विचार केला. लाइट फडफडला नसता, स्विच जळला नसता, आणि मग ते माझ्याकडे आलेच नसते. ट्रकवाले अप्पर मारत राहिले असते आणि गाडीमालक त्यांनाच उद्धट समजत राहिले असते. इथे वायरिंगच्या बिघाडाने दिव्याचा दोष उघडा पडला. हे किट नीट जोडून फिरणाऱ्या गाड्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते ती यामुळेच.

माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली. प्रोजेक्टरचा पर्याय मी कष्टाच्या हिशेबाने मागे टाकला. गाडीमालकांचा रस्ता रोज रात्रीचा आहे. उद्या त्यांचा वेग किंवा अंतर वाढलं तर ५२ मीटर अपुरे पडतील. ओल्या रस्त्यावर ६० च्या वेगातून थांबायलाच ६० मीटरच्या आसपास लागतात. पावसात डिपरवर ५० च्या वर जाऊ नका असं मी त्यांना सांगितलं, पण ते काम पूर्ण करताना सांगितलं. पर्याय निवडताना हा आकडा टेबलावर असायला हवा होता. कदाचित त्यांनी वेगळी निवड केली असती.

एचआयडीचं ते किट माझ्या खणात आहे, बॅलास्ट धडधाकट. धाकटा भाऊ दोनदा येऊन गेला, त्याला ते स्वतःच्या गाडीला लावायचं आहे. त्याच्या गाडीचा हेडलाइट प्रोजेक्टरचा आहे, पण हॅलोजनसाठी बनवलेला. मी त्याला म्हटलंय की रात्री गाडी घेऊन ये, भिंतीसमोर दोन्ही बल्ब लावून बघू. पट्टीच्या वर उजेड सांडला तर किट खणातच राहील.